राजमुद्रेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न: शिवमुद्रेपासून महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेपर्यंत

साताऱ्यात मोडी वर्ग घेताना, अजिंक्यताऱ्यावर पाहुण्यांना नेताना आणि शाळांमध्ये बोलताना राजमुद्रेविषयी काही प्रश्न हमखास विचारले जातात. गाडीच्या काचेवर, टी-शर्टवर, लग्नपत्रिकेवर मुद्रा सगळ्यांनी पाहिलेली असते. ज्या कागदावर ती उमटत असे तो कागद मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. म्हणून इथली बहुतेक उत्तरे कागदापासून सुरू होतात.

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवर नेमके काय लिहिले आहे?

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

अर्थ असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, साऱ्या विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते.

श्लोक अनुष्टुभ छंदात आहे, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण. मुद्रेचा आकार अष्टकोनी. जागा लहान असल्याने ओळी शब्द पाहून तोडलेल्या नाहीत, जिथे जागा संपली तिथे तोडल्या आहेत. पहिल्यांदा वाचणारा तिथेच अडखळतो. श्लोक पाठ असेल तर मुद्रा वाचता येते, एरवी अक्षरे जुळवत बसावे लागते.

पुष्कळ ठिकाणी ‘प्रतिपश्चंद्र’ असे लिहिलेले दिसते. ते बरोबर आहे का?

नाही. प्रतिपद् आणि चंद्र यांचा संधी ‘प्रतिपच्चंद्र’ असाच होतो. ‘श्च’ चुकीचा आहे. स्टिकर, फलक किंवा कोनशिला करायला देताना कारागिराला हे अक्षर मोठे काढून दाखवावे. दगडात कोरलेली चूक पुढच्या पिढ्यांना खरी वाटू लागते.

प्रतिपदेला चंद्र दिसतो तरी का?

जवळजवळ नाहीच. अमावस्येनंतरची ती पहिली तिथी. कोर अतिशय बारीक असते, सूर्य मावळल्यावर लगेच तीही मावळते. आपल्याकडे चंद्रदर्शन बहुतेक द्वितीयेलाच घडते. श्लोक रचणाऱ्याने ही उपमा विचार करून निवडली आहे. पूर्णिमेचा चंद्र कोणीही निवडला असता, पण त्याला पुढे फक्त क्षय आहे. प्रतिपदेच्या कोरीला अजून सगळी वाढ व्हायची आहे आणि ती वाढणार याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका नाही.

ही मुद्रा वापरात आली तेव्हा महाराजांकडे पुणे परगण्याची जहागीर आणि मावळातली थोडी गावे होती. रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याच्या बदअमलाबद्दलचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्राच्या माथ्यावर ही मुद्रा आहे. महाराज तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि राज्याभिषेकाला अजून २८ वर्षे होती. एका स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या पाटलाला जबर शिक्षा आणि त्याची पाटीलकी जप्त, असा तो मजकूर. वरच्या मुद्रेत ‘भद्राय’ आणि खाली हा निवाडा! मुद्रेचा अर्थ समजावून सांगायला याहून चांगला कागद माझ्या पाहण्यात नाही.

मुद्रा संस्कृतात का? त्या काळी तर फारसी चालत होती.

फारसी चालत होती म्हणूनच ही निवड लक्षात येते. दख्खनच्या सुलतानी दरबारांचे कागद, फर्माने, शिक्के फारसीत असत. खुद्द शहाजीराजांचा आणि जिजाऊसाहेबांचा शिक्काही फारसीत आढळतो. तेव्हाच्या सरदाराची ती रीतच होती. तरुण शिवाजीराजांच्या शिक्क्यात मात्र संस्कृत श्लोक आला. पत्रातला मजकूर मोडीत, भाषा मराठी आणि तिच्यात फारसी शब्दांची रेलचेल. माथ्यावरची मुद्रा तेवढी बाळबोध अक्षरात आणि संस्कृतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक पहिल्या क्षणी जाणवत असणार.

राजमुद्रा, शिक्का आणि मोर्तब हे एकच का?

एकच नव्हेत. याच प्रश्नाला थोडा जास्त वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते.

जुन्या राजपत्रावर सहसा दोन ठसे असतात. माथ्यावरचा मोठा ठसा म्हणजे शिक्का, राजाचा असेल तर तीच राजमुद्रा. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते तो सांगतो. मजकूर जिथे संपतो तिथे अगदी खेटून दुसरा लहान ठसा असतो, त्याला मोर्तब म्हणतात. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरची अक्षरे आहेत ‘मर्यादेयं विराजते’. इथे या पत्राची मर्यादा झाली, एवढाच त्याचा अर्थ. पेशव्यांच्या कागदांवर याच जागी ‘लेखनसीमा’ असा ठसा दिसतो.

काम अगदी व्यवहाराचे. हुकूम तयार झाला, चिटणिसाने लिहिला, शिक्का झाला. तो गावी पोचेपर्यंत वाटेत कोणी शेवटी एक ओळ वाढवली तर? ‘आणि अमुक जमीनही दिली असे’ एवढे शब्द एखाद्या गरिबाची शेती गिळायला पुरेसे होते. मोर्तब झाल्यावर त्याखाली काहीही लिहिले तरी ते हुकुमात धरले जात नसे. लांब कागद असेल तर बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, एकाखाली एक चिकटवून गुंडाळी करत आणि पाठीमागे सांध्यावर ठसा मारत, म्हणजे मधलाच एखादा बंद बदलला तर सांध्यावरची अक्षरे जुळत नाहीत.

वरचा शिक्का राजाची सत्ता सांगतो आणि खालचा तिची सीमा. राजानेसुद्धा एवढेच बोलले आहे, याच्यापुढे त्याच्या नावाने काही खपवू नये. आज आपण वरची मुद्रा सगळीकडे लावतो आणि खालची विसरून गेलो आहोत. कागद वाचणाऱ्यांना मात्र दोन्ही लागतात. मोर्तब नसलेले पत्र पुढे आले की अभ्यासक आधी थांबतो, मग पुढे वाचतो. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण रोज म्हणतो, त्यात हे दोन्ही ठसे आहेत.

शिक्का उमटवत कसा? लाखेवर का?

पत्रावरचे शिक्के शाईचे. धातूच्या ठशावर अक्षरे उलटी कोरलेली असत, त्यावर काळी शाई लावून कागदावर दाबत. त्यामुळे एकाच मुद्रेचे ठसे कुठे ठळक, कुठे पुसट, कुठे एका कडेला फिके असे दिसतात. सगळ्या कडा सारख्या रेखीव असलेली जी आकृती आज छापली जाते ती या ठशांवरून नंतर नीट काढलेली आहे.

संभाजी महाराजांची मुद्रा वेगळी होती का?

हो, आणि ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे.

श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते ।
यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥

शिवपुत्र शंभूची मुद्रा आकाशासारखी शोभते. तिच्या आश्रयाने असलेला लेख कोणावर चालत नाही? वडिलांची मुद्रा वाढणाऱ्या चंद्राची, मुलाची तो चंद्र जिथे असतो त्या आकाशाची. संस्कृतात स्वतः रचना करणाऱ्या राजाला असाच श्लोक शोभावा. राजाराम महाराजांच्या मुद्रेत दाशरथी रामाची उपमा आहे.

साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या मुद्रेत काय होते?

साताऱ्याच्या माणसाला हा प्रश्न पहिला पडायला हवा, पण तो फार उशिरा येतो.

१७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. बालपण, तारुण्य सगळे छावणीत गेलेले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी झाली. त्यांच्या मुद्रेची सुरुवात अशी: ‘वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी’. विष्णूची ती वामनमूर्ती जशी पाऊल टाकताना वाढत गेली, तशी वाढत जाणारी ही शंभुपुत्र शिवराजाची मुद्रा. शाहूंचे मूळ नाव शिवाजी, म्हणून मुद्रेत ‘शिवराज’ आले.

‘वर्धिष्णु’ हा आजोबांच्या मुद्रेतलाच शब्द, नातवाने तो पहिल्याच जागी आणला. ‘विक्रम’ म्हणजे पराक्रम आणि पाऊलही. वामन बटू होऊन आला आणि तीन पावलांत त्याने त्रैलोक्य व्यापले. कैदेतून आलेला, चुलती ताराराणींशी झगडून गादी मिळवलेला राजा स्वतःला वामन म्हणवतो, यात मला फार मोठा आत्मविश्वास दिसतो. पुढच्या ४० वर्षांत मराठी फौजा माळवा, गुजरात, बुंदेलखंडापर्यंत गेल्या. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज साताऱ्यातच गेले. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्यांची समाधी आहे. अजिंक्यतारा पाहून परत फिरणाऱ्यांनी तिथेही जावे, अंतर काही मोठे नाही.

पेशव्यांच्या शिक्क्यावर पेशव्यांचे नाव आहे, मग राज्य कोणाचे म्हणायचे?

शिक्का पूर्ण वाचला की उत्तर त्यातच मिळते. पहिल्या बाजीरावांचा शिक्का असा: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आधी राजा, मग प्रधान. पुढे गादीवर रामराजे आले तेव्हा पेशव्यांच्या शिक्क्यात शाहूंच्या जागी ‘राजाराम’ हे नाव आले. १७५० नंतर प्रत्यक्ष कारभार पुण्याला गेला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाती फारसे काही उरले नाही, हे खरे. तरीही नवा पेशवा झाला की पेशवाईची वस्त्रे आणि शिक्का-कट्यार साताऱ्याहूनच मिळावी लागत. पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवरावांनाही ती तिथूनच मिळाली. ज्याच्या हातात सगळी सत्ता होती त्याच्या शिक्क्यावरही दुसऱ्याचे नाव वर होते. त्याला नुसता उपचार म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही, कारण तो उपचार मोडायची हिंमत एकाही पेशव्याने केली नाही.

सरदारांचे स्वतःचे शिक्के असत का?

असत. सरदार कोणत्या बाजूला आहे ते शिक्क्यावरून कळे. शाहू महाराज परतल्यावर मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या, एक सातारा आणि दुसरी पन्हाळा-कोल्हापूर. कोणाच्या नावाचा शिक्का धरायचा हा प्रश्न प्रत्येक सरदारापुढे होता. कान्होजी आंग्रे आधी ताराराणींच्या बाजूला होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवले. त्यानंतरच्या त्यांच्या मुद्रेची सुरुवातच ‘श्री शाहू नृपतिप्रीत्या’ अशी आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या शिक्क्यातही आधी राजा आणि मग ‘तस्य परशुराम त्र्यंबक प्रतिनिधि’ असा क्रम येतो.

या दोन गाद्यांचा वाद १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला आणि वारणा नदी सीमा ठरली. तीच वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. संगमावर उभे राहिले की पाण्याकडे पाहून कोणाला कळणार नाही की इथे एके काळी एका शिक्क्याचा अंमल संपून दुसऱ्याचा सुरू होत होता.

गावच्या पाटलाचाही शिक्का असे का?

बहुतेकांची निशाणी असे. गावच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो, पेठेच्या शेट्याच्या नावापुढे तराजू. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचे अवजार काढून साक्ष देत होता आणि गोतसभेत ती ग्राह्य धरली जात होती. राजमुद्रेचे कौतुक करताना या निशाण्यांकडेही पाहावे. एकाच कागदावर वर राजाचा चंद्र आणि खाली कुणब्याचा नांगर, असे हे राज्य होते.

नाण्यावरचा मजकूर आणि मुद्रेवरचा मजकूर एकच का?

नाही. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढेच असते. श्लोक नाण्यावर नाही.

सातारचे राज्य गेले तेव्हा शिक्क्याचे काय झाले?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, पण तहाच्या अटींत पुरते बांधून. प्रतापसिंहांनी शहर वसवले, पाणी आणले, शाळा काढल्या. १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवण्यात आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि त्या प्रकरणात राजाच्या शिक्क्याच्या कागदांचा वाद मोठा होता. वर शिक्का आणि मोर्तब यांबद्दल जे लिहिले ते किती गंभीर होते हे इथे कळते. बनावट ठशाच्या नुसत्या संशयावर राज्ये डळमळतात. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि कितीतरी वर्षे तिथे राहून झगडले. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ आप्पासाहेब महाराज गेल्यावर दत्तक नामंजूर करून कंपनीने राज्य खालसा केले. ज्या मुद्रेने दीडशे वर्षे इनामे दिली, वतने राखली, सरदार नेमले, तिचा हुकूम चालणे तिथे थांबले.

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवर कोणता श्लोक आहे?

हाच. एक चरण तेवढा बदलला आहे.

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥

‘शाहसूनोः शिवस्यैषा’ ही आठ अक्षरे काढून ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ ही आठ अक्षरे बसवली. छंद तसाच राहिला, वाक्य तसेच राहिले, मालक बदलला. एका राजाच्या जागी राज्य आले, म्हणजे तुम्ही-आम्ही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, शिक्षण आणि राजकारण कऱ्हाडचे. देवराष्ट्रे त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे.

‘भद्राय’ तसेच ठेवले, याचे मला फार समाधान आहे. मुद्रा कशासाठी शोभते याचे उत्तर त्या एका चतुर्थी विभक्तीत आहे. सरकारी कागद हातात आला आणि त्यावर हा श्लोक दिसला की हा कागद कोणाच्या भद्रासाठी निघाला, असे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मुद्रेनेच दिलेला आहे.

त्या मुद्रेच्या मध्यभागी काय आहे?

समई. भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखी नक्षी आणि कडेने श्लोक. मुद्रा गोल आहे, अष्टकोनी नाही.

मग सिंहांचे चिन्ह कशाचे?

ते भारताचे राजचिन्ह. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेले, २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेले. सिंह चार, चित्रात तीन दिसतात. खालच्या पट्टीवर मधोमध चक्र, बाजूला बैल आणि घोडा. ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडक उपनिषदातले.

गाडीवर किंवा दुकानाच्या पाटीवर ही चिन्हे लावता येतात का?

भारताच्या राजचिन्हाबाबत कायदा स्पष्ट आहे. २००५ च्या कायद्याने त्याच्या गैरवापराला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शासनाची मुद्राही शासकीय कामासाठीच आहे. खाजगी संस्थेने ती पत्रावर छापून आपण सरकारी असल्याचा भास निर्माण करणे ही फसवणूक आहे.

शिवमुद्रा लोक प्रेमाने लावतात. माझे म्हणणे एवढेच की पायपुसणीवर, चपलेवर, कचऱ्यात जाणाऱ्या पिशवीवर ती छापू नये आणि लावणाऱ्याने एकदा तरी अर्थासह श्लोक पाठ करावा.

नौदलाच्या झेंड्यावर शिवमुद्रा आहे असे ऐकले, ते खरे का?

आकार आहे, श्लोक नाही. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्या वेळी नवा ध्वज फडकला. जुन्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला. नव्या निशाणावर निळ्या अष्टकोनात राजचिन्ह आणि जहाजाचा नांगर आहे, खाली ‘शं नो वरुणः’. तो अष्टकोन शिवमुद्रेवरून घेतला आहे आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा, असे नौदलाने सांगितले आहे. ज्या राजाने कोकणात आरमार उभे केले त्याच्या मुद्रेचा आकार समुद्रावर जावा, हे योग्यच झाले.

आता सातबारा ऑनलाइन मिळतो, त्यावर तलाठ्याचा शिक्का नसतो. तो चालतो का?

डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा चालतो, त्यावर तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. उताऱ्यावरच्या क्रमांकावरून किंवा क्यूआर कोडवरून तो खरा की खोटा हे तपासता येते. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही. म्हणजे मोर्तबाचेच काम यंत्र करते आहे. नुसता प्रिंट काढलेला, स्वाक्षरी नसलेला उतारा माहितीपुरता असतो, हा फरक बँकेत जाण्याआधी पाहून घ्यावा.

सातारा-सांगली भागात जुने कागद आणि शिक्के कुठे पाहायला मिळतील?

साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथल्या दफ्तराने मराठ्यांच्या इतिहासाला फार मोठी साधने दिली. वाईतच इतिहासाचार्य राजवाड्यांना जुन्या कागदांचा मोठा साठा सापडला आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला तिथून सुरुवात झाली. इतिहास-संशोधक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह आज पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे.

आमच्या घरी मोडी कागद आहेत, वर शिक्का दिसतो. काय करावे?

पहिली गोष्ट, लॅमिनेशन करू नका. कागद श्वास घ्यायचा थांबतो आणि प्लास्टिक नंतर काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, घड्या जोर लावून उघडू नका. दमट कपाटातून काढून कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवा. जुनी माणसे दफ्तर रुमालात बांधत ते याचसाठी. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीमागची बाजू लोक विसरतात, सांध्यावरचे ठसे तिथेच असतात. मग मोडी जाणणाऱ्याला फोटो दाखवा, मूळ कागद हातातून सोडू नका. ‘किंमत किती येईल’ असे विचारत दारात येणाऱ्याला तर अजिबात देऊ नका. फोटो काढताना खालचा शेवटचा ठसा चौकटीत आला आहे ना, हे पाहा. तो कापला गेला की कागद कुठे संपतो हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही.